परदेशात ट्रेडमार्क नोंदवायचाय? आधी कॅलेंडर काढा

आमच्या उत्पादनाचं नाव एका देशात आम्हालाच वापरता येत नाही. तिथे ते एका घाऊक व्यापाऱ्याच्या मालकीचं आहे, रीतसर नोंदवलेलं. हा गृहस्थ एका व्यापारी प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी तासभर बसला होता. त्याने नमुने नेले, वितरक व्हायची इच्छाही दाखवली. तीन आठवड्यांत त्याने स्वतःच्या देशात आमच्या नावाचा अर्ज टाकला. त्या दिवशी आमच्या मायदेशातल्या अर्जाला साडेपाच महिने झाले होते. आम्हाला पत्ता लागला तो आठव्या महिन्यात. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या मूळ अर्जाची तारीख काय?" तारीख ऐकली आणि म्हणाला, "दोन महिने उशीर केलात."

हे 'दोन महिने' काय प्रकरण आहे ते सहाव्या पायरीत येईल. त्यानंतर आम्ही इतर चार ठिकाणी नोंदणी मिळवली. त्या धावपळीत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. क्रमाला महत्त्व आहे, कारण या विषयात पैशापेक्षा तारखा जास्त निसटतात. एक खुलासा: मी वकील नाही. जिथे वकील लागतोच तिथे तसं म्हटलं आहे.

१. चार गोष्टींची गल्लत आधी सोडवा

कंपनीची नोंदणी झाली म्हणजे नाव आपलं झालं, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. कंपन्यांची नोंद ठेवणारं कार्यालय मुख्यतः आपल्या यादीत तेच किंवा अगदी जवळचं नाव आधी आहे का ते बघतं. ते नाव मालावर छापून विकायचा हक्क त्यातून मिळत नाही. तो ट्रेडमार्कमधून मिळतो, आणि ट्रेडमार्कचं कार्यालय, कायदा, शुल्क सगळं वेगळं.

तिसरी गोष्ट डोमेन. ते भाड्याने घेतलेल्या पत्त्यासारखं असतं, ते हाती असलं म्हणून नावावर मालकी सिद्ध होत नाही. चौथी गोष्ट कॉपीराइट. तुमच्या लोगोच्या चित्राला तो मिळू शकतो, पण एका-दोन शब्दांच्या नावाला सहसा मिळत नाही.

१८८३ च्या पॅरिस कराराच्या (ट्रेडमार्कसारख्या हक्कांविषयी देशादेशांत झालेल्या कराराच्या) आठव्या कलमात व्यापारी नावाला नोंदणीशिवायही संरक्षण द्यावं असं म्हटलं आहे. हे वाचून आम्हाला हायसं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या देशात तुमचं नाव लोकांना माहीत आहे हे दाखवायची वेळ आली की नवख्या धंद्याच्या हातात काहीच नसतं.

आणि सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट: ट्रेडमार्क देशापुरता, फार तर देशांच्या एका गटापुरता असतो. 'जागतिक ट्रेडमार्क' नावाची वस्तू अस्तित्वात नाही. कोणी ती विकायला आला तर पुढे बोलू नका.

२. नाव परदेशी परीक्षेत टिकेल का ते बघा

मालाचं वर्णन करणारं नाव कुठलंही कार्यालय सहज देत नाही. 'जलद पार्सल' हे पार्सल पोहोचवणाऱ्या सेवेचं नाव म्हणून मागितलंत तर नकार ठरलेला, कारण ते शब्द सगळ्यांनाच लागतात. मनाने घडवलेला शब्द सगळ्यात भक्कम. जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली 'कोडॅक' नोंदवलं, त्या शब्दाला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. नेहमीचा शब्द भलत्याच वस्तूला लावला तरी चालतं. संगणकाला 'ॲपल' म्हणणं हे त्याचंच उदाहरण. फळांच्या दुकानाला तेच नाव मिळालं नसतं.

इथे एक खाच आहे. तुमच्या भाषेत निरर्थक वाटणारा शब्द दुसऱ्या भाषेत त्या वस्तूचं साधं नाव असू शकतो, किंवा शिवी. त्या भाषेच्या दोन-तीन माणसांना नाव मोठ्याने म्हणून दाखवा. शब्दकोशात बघून भागत नाही, बोलीतले अर्थ तिथे सापडत नाहीत.

३. शोध घ्या, आणि फक्त हुबेहूब नावाचा घेऊ नका

तीन फुकट साधनं पुरेशी आहेत. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे ज्याला सगळे 'वायपो' म्हणतात तिचा, ग्लोबल ब्रँड डेटाबेस. युरोपीय कार्यालयाचं टीएमव्ह्यू. आणि ज्या देशात जायचं त्याच्या कार्यालयाचं स्वतःचं शोधपान. पहिल्या दोहोंत सगळं नेहमी ताजं असेलच असं नाही, म्हणून तिसरं टाळू नका.

शोधताना नाव हुबेहूब टाकून 'काही सापडलं नाही' म्हणून खूश होणं ही चूक आम्हीही केली. परीक्षक, म्हणजे कार्यालयात अर्ज तपासणारा अधिकारी, तीन अंगांनी बघतो: दिसायला सारखं, ऐकायला सारखं, अर्थाने सारखं. स्पेलिंग बदला, 'क'च्या जागी दुसरं अक्षर घाला, शब्द अर्धा तोडून बघा. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही 'स्कायड्राइव्ह' हे नाव सोडावं लागलं. 'स्काय' या प्रसारण कंपनीने इंग्लंडमध्ये दावा लावला, २०१३ मध्ये निकाल विरुद्ध गेला आणि २०१४ मध्ये त्या सेवेचं 'वनड्राइव्ह' झालं.

नोंदवहीबाहेरही बघा. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत आधीपासून प्रत्यक्ष वापरात असलेल्या नावाला नोंदणी नसतानाही हक्क असू शकतो. ॲपची दुकानं, ऑनलाइन बाजार, समाजमाध्यमं, सगळीकडे नाव टाकून बघा. 'बर्गर किंग' ऑस्ट्रेलियात 'हंग्री जॅक्स' या नावाने चालतं, कारण ते तिथे पोहोचलं तेव्हा ॲडलेडमधल्या एका खाद्यगृहाकडे 'बर्गर किंग' हे नाव आधीच होतं.

४. देश आणि वर्ग ठरवा

देशांच्या तीन याद्या करा. पहिली, जिथे विकता किंवा येत्या दोन-तीन वर्षांत विकणार आहात. दुसरी, जिथे माल बनवून घेता. तिसरी, जिथून नकली माल येण्याची भीती आहे. नवखे फक्त पहिली यादी करतात. माल चीनमध्ये बनवून दुसरीकडे विकत असाल तरी चीन यादीत हवाच. तिथे आधी अर्ज करणाऱ्याला हक्क मिळतो. तुमचं नाव तिथे दुसऱ्याने नोंदवलं तर तो सीमाशुल्क खात्यात त्याची नोंद करून तुमचाच माल बंदरावर अडकवू शकतो. २०१९ मध्ये तिथल्या कायद्यात वापरायचा हेतू नसलेले दुष्ट बुद्धीचे अर्ज फेटाळण्याची तरतूद आली, पण तिच्यावर विसंबण्यापेक्षा आधी अर्ज टाकणं स्वस्त पडतं.

वर्ग म्हणजे नीस वर्गीकरणातले (माल आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले) ४५ कप्पे. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर ९ मध्ये, तेच ऑनलाइन सेवा म्हणून दिलं तर ४२ मध्ये, कपडे २५ मध्ये, दुसऱ्यांचा माल विकणारं दुकान ३५ मध्ये. शुल्क बहुतेक ठिकाणी वर्गागणिक वाढतं, म्हणून 'असू दे' म्हणून दहा वर्ग घेऊ नका. न वापरलेले वर्ग पुढे रद्द होतात.

चीनमध्ये प्रत्येक वर्गाच्या आत उपवर्ग आहेत, आणि संरक्षण बऱ्याच अंशी उपवर्गापुरतं मोजलं जातं. वर्ग बरोबर आणि उपवर्ग चुकला, तर शेजारच्या उपवर्गात तुमचंच नाव दुसऱ्याला मिळू शकतं.

५. मूळ अर्ज लिहितानाच परदेशाचा विचार करा

मायदेशातला पहिला अर्ज हा पुढच्या सगळ्यांचा पाया असतो. सातव्या पायरीत येणाऱ्या माद्रिद मार्गात (एकाच अर्जात अनेक देश मागायच्या पद्धतीत) परदेशासाठी मागितलेला माल मूळ अर्जातल्या मालापेक्षा अधिक असू शकत नाही, कमी चालतो. चिन्हही, म्हणजे नोंदवायचं नाव किंवा लोगो, तंतोतंत तेच लागतं. मूळ अर्जात फक्त 'टी-शर्ट' लिहिलंत तर परदेशात 'टोप्या' मागता येणार नाहीत.

आधी साध्या अक्षरांतलं नाव नोंदवा. लोगो नंतर, वेगळा. लोगो दर चार-पाच वर्षांनी बदलतात, नाव टिकतं. नाव देवनागरीत असेल तर परदेशी अर्जात त्याचं रोमन लिप्यंतर द्यावं लागतं. नाव दोन्ही लिप्यांत वापरणार असाल तर दोन्ही अर्ज मायदेशातच आधी करून ठेवा. स्थानिक लिपीतलं रूप मोकळं सोडलं की काय होतं, हे बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या खटल्यात दिसलं. त्याच्या आडनावाचं चिनी अक्षरांतलं रूप एका स्थानिक कंपनीने नोंदवलं होतं. वर्षानुवर्षं झगडून २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या अक्षरांपुरता त्याच्या बाजूने कौल दिला.

आता मालकाचं नाव. अर्ज व्यक्तीच्या नावे करायचा की कंपनीच्या, हे एकदाच ठरवा आणि प्रत्येक कागदावर एकेक अक्षर सारखं ठेवा. ॲपलने २००९ मध्ये एका मध्यस्थ कंपनीमार्फत 'आयपॅड' हे नाव तैवानच्या प्रोव्ह्यू कंपनीकडून ३५,००० पौंडांना विकत घेतलं. पुढे उघड झालं की चीनमधली नोंदणी त्याच गटातल्या शेन्झेनच्या वेगळ्या कंपनीच्या नावावर आहे. २०१२ मध्ये मिटवायला ६ कोटी डॉलर लागले. एवढे वकील पदरी असणाऱ्या कंपनीची ही गत.

लोगो बाहेरच्या माणसाकडून काढून घेतला असेल तर हक्क तुमच्याकडे सोपवल्याचा लेखी करार आत्ताच करून घ्या. पैसे दिले म्हणजे हक्क आला, असं अनेक देशांत नसतं.

६. सहा महिन्यांची खिडकी

हीच आमची चुकलेली पायरी. पॅरिस करारानुसार, सदस्य देशात पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केला आणि 'अग्रक्रम' मागितला, तर त्या दुसऱ्या अर्जालाही पहिल्याचीच तारीख मिळते. म्हणजे १० जानेवारीला मायदेशात अर्ज केला आणि ९ जुलैला परदेशात, तर परदेशातही तुम्ही १० जानेवारीपासून रांगेत. मधल्या काळात कोणी घुसला तर तो तुमच्या मागे.

त्या व्यापाऱ्याचा अर्ज आमच्या साडेपाचव्या महिन्यात आला होता. पुढचे दोन आठवडे खिडकी उघडी होती, आम्हाला तिची कल्पनाच नव्हती.

करारात एक कलम असंही आहे की प्रतिनिधीने मालकाच्या परवानगीशिवाय नाव स्वतःच्या नावे नोंदवलं तर मालक ते उलटवू शकतो. आम्ही ते वापरून पाहिलं. पण आमच्यात करार झालेलाच नव्हता, नुसती बोलणी होती, म्हणून तो आमचा प्रतिनिधी ठरला नाही. दुष्ट हेतू सिद्ध करायचा दुसरा रस्ता होता, पण हातात काय, तर एक व्हिजिटिंग कार्ड आणि दोन ईमेल. तेव्हापासून नमुना देण्याआधी एक पानी कागदावर सही घेतो: हे नाव आमचं आहे, तुम्ही ते कुठेही नोंदवणार नाही.

मूळ अर्ज केला त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये चौथा, पाचवा आणि साडेपाचवा महिना खुणेने लावून ठेवा. आणि जमत असेल तर नावाची जाहीर घोषणा, प्रदर्शन, वितरकांशी बोलणी हे सगळं मूळ अर्जानंतरच.

७. तीन वाटांतून आपली वाट निवडा

पहिली वाट थेट. प्रत्येक देशात स्थानिक वकील नेमून वेगळा अर्ज करायचा. खर्च जास्त, पण अर्ज त्या देशाच्या रिवाजाप्रमाणे घडवता येतो. एक-दोनच देश असतील तर हीच बरी. अमेरिकेत परदेशी अर्जदाराला २०१९ पासून तिथला परवानाधारक वकील लागतोच.

दुसरी वाट प्रादेशिक. युरोपीय संघाचं कार्यालय स्पेनमधल्या आलिकांते शहरात आहे. एका अर्जात २७ देश, ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ८५० युरो, दुसऱ्या वर्गाला आणखी ५०, तिसऱ्यापासून पुढे प्रत्येकी १५०. हिशेब फारच आकर्षक आहे, पण नोंदणी अखंड असते: एका देशातल्या जुन्या ट्रेडमार्कमुळे सगळ्या २७ देशांतला अर्ज कोसळू शकतो. तसं झालं तर उरलेल्या देशांत त्याचं राष्ट्रीय अर्जांत रूपांतर करता येतं, मूळ तारीख टिकते, पैसे मात्र नव्याने. ब्रिटन यात नाही. १ जानेवारी २०२१ पासून तिथे वेगळा अर्ज लागतो. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांचं मिळून एकच कार्यालय आहे, त्यांपैकी एकाच देशाची नोंदणी मागून मिळत नाही. आफ्रिकेतल्या १७ देशांची, मुख्यतः फ्रेंच भाषकांची, ओएपीआय ही संघटनाही एका अर्जात सगळे सदस्य देते.

तिसरी वाट माद्रिदची. १८९१ चा मूळ करार आणि १९८९ चा प्रोटोकॉल यांवर ती उभी आहे, कारभार जिनेव्हातून वायपो बघते. एक अर्ज, एक भाषा (इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश), एका चलनात शुल्क, आणि देश हवे तेवढे. अर्ज थेट वायपोकडे जात नाही. तो मूळ अर्ज जिथे आहे त्या कार्यालयामार्फत जातो. ते कार्यालय दोन्ही अर्ज जुळतात असं प्रमाणित करतं आणि त्याचं स्वतःचं हाताळणी शुल्क घेतं. तुम्ही सदस्य देशाचे नागरिक, रहिवासी किंवा तिथे खराखुरा धंदा असलेले हवेत.

शुल्काचा पाया ६५३ स्विस फ्रँक, चिन्ह रंगीत असेल तर ९०३. त्यावर प्रत्येक देशाचं वेगळं. काही देश १०० फ्रँकचं ठरलेलं शुल्क घेतात, बरेच स्वतःचा दर लावतात. वायपोच्या साइटवर शुल्क मोजायचं साधन आहे. तिथे देशांवर खूण करत करत बेरीज बघा, दोन-चार देश आपोआप गळतील.

माद्रिदमध्ये नवखे फसतात त्या जागा अशा. पहिली पाच वर्षं आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ अर्जाला बांधलेली असते. मायदेशातला अर्ज फेटाळला गेला किंवा कोणी पाडला, तर सगळ्या देशांतली नोंदणी तेवढ्या अंशाने पडते. स्पर्धकाला एकाच जागी घाव घालून झाड पाडता येतं. पडलीच तर तीन महिन्यांत प्रत्येक देशात राष्ट्रीय अर्ज करून जुनी तारीख वाचवता येते, पण तो खर्च थेट वाटेचाच. म्हणून मायदेशात तुमचं नाव डळमळीत असेल तर माद्रिदच्या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, सगळे देश यात नाहीत. तैवान, हाँगकाँग, दक्षिण आफ्रिका इथे थेटच जावं लागतं. यादी बदलत असते, अर्जाच्या दिवशी पुन्हा बघा. तिसरी गोष्ट, चीन माद्रिदमध्ये आहे, पण तुमची मालाची यादी तिथलं कार्यालय भाषांतर करून स्वतःच उपवर्गांत बसवतं, तुम्हाला विचारत नाही. आम्ही चीनसाठी थेट अर्ज केला आणि बाकीच्यांसाठी माद्रिद.

आणि अमेरिका. माद्रिदमधून अमेरिका निवडली तर एमएम१८ नावाचा फॉर्म लागतो, ज्यात 'हे चिन्ह वापरायचा खरा हेतू आहे' असं प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यायचं असतं. तिथला परीक्षक मालाचं वर्णन फार बारकाईने मागतो. नुसतं 'सॉफ्टवेअर' लिहिलंत की तात्पुरता नकार आलाच, कशासाठीचं सॉफ्टवेअर ते लिहा.

८. कागदपत्रं आणि तयारी

एका फोल्डरमध्ये हे आधी गोळा करा, मग अर्जाला बसा:

- मूळ अर्जाची पोच, क्रमांक आणि तारीख. अग्रक्रमासाठी काही देश प्रमाणित प्रत मागतात, ती मिळायला वेळ लागतो.
- मालकाचं नाव, पत्ता, कंपनीचा कायदेशीर प्रकार, जसं मूळ अर्जात आहे अगदी तसं.
- चिन्हाची स्वच्छ प्रतिमा, मूळ अर्जात लावली तीच फाइल.
- वर्गवार मालाची यादी. माद्रिद गुड्स अँड सर्व्हिसेस मॅनेजर किंवा टीएमक्लास या ऑनलाइन याद्यांतून आधीच मान्य असलेले शब्द उचला.
- नावाचं लिप्यंतर आणि अर्थ.
- वकील नेमत असाल तिथलं मुखत्यारपत्र. काही देशांत ते नोटरीकडून किंवा वकिलातीतून प्रमाणित करून लागतं, हे काम सगळ्यात वेळखाऊ.
- वापराचे पुरावे: तारखेसह बिलं, वेष्टनाचे फोटो, जाहिराती, वेबसाइटच्या पानांच्या छबी.

शेवटचा मुद्दा आज निरुपयोगी वाटेल. चार वर्षांनी कोणी विचारेल तेव्हा जुनी पानं सापडत नाहीत, म्हणून दर तीन महिन्यांनी एकदा जमा करत जा.

माद्रिदचा अर्ज एमएम२ फॉर्मवर असतो, बरीच कार्यालयं तो ऑनलाइन घेतात. नंतर देश वाढवायचे झाले तर एमएम४. म्हणजे पहिल्याच दिवशी वीस देश घ्यायची गरज नाही. फक्त लक्षात ठेवा, नंतर जोडलेल्या देशात तारीख जोडल्या दिवसापासूनची.

९. अर्ज गेल्यानंतरचा काळ

वायपोकडून प्रमाणपत्र आलं की लोक पेढे वाटतात. थांबा. ते फक्त अर्ज नीट भरला होता याची पावती आहे. खरा निर्णय प्रत्येक देशाचं कार्यालय देतं. त्यासाठी त्याला १२ किंवा १८ महिने असतात. तेवढ्यात नकार कळवला नाही तर संरक्षण मिळालं असं धरलं जातं. कुठल्या देशाचं कुठवर आलं ते वायपोच्या माद्रिद मॉनिटर या ऑनलाइन पानावर दिसतं.

तात्पुरता नकार आला तर घाबरू नका, पण तारीख बघा. उत्तराची मुदत देशागणिक वेगळी असते आणि काही ठिकाणी ती आठवड्यांत मोजावी लागते. इथे स्थानिक वकील बहुतेक लागतोच. पुष्कळ नकार नुसत्या वर्णनावरचे असतात, दोन शब्द बदलले की सुटतात.

परीक्षकाच्या आक्षेपाहून निराळी ती तिसऱ्या माणसाची हरकत. नाव प्रसिद्ध झालं की इतरांना हरकत घ्यायची मुदत मिळते: युरोपीय संघात आणि चीनमध्ये तीन महिने, ब्रिटनमध्ये दोन (मागितली तर तीन), अमेरिकेत ३० दिवस. युरोपीय संघाचं कार्यालय जुन्या ट्रेडमार्कशी साम्य आहे म्हणून स्वतःहून नकार देत नाही, ते काम जुन्या मालकावर सोडतं. याचा उलटा अर्थ नीट समजून घ्या: उद्या तुमच्यासारखं नाव कोणी टाकलं, तर तुम्हीच तीन महिन्यांत जागं व्हायचं.

हरकत घेणाऱ्याशी बऱ्याचदा बोलून मिटतं. तुम्ही एवढा माल विका, आम्ही एवढा, असा सहअस्तित्वाचा करार करतात. तो लिहिताना दहा वर्षांनंतरचा धंदा डोळ्यांसमोर ठेवा. बीटल्सची ॲपल कोअर आणि संगणकवाली ॲपल यांनी १९८१ मध्ये समझोता केला की संगणकवाल्यांनी संगीतात शिरायचं नाही. पुढे संगणकातूनच गाणी वाजू लागली आणि भांडण २००७ पर्यंत चाललं.

१०. मिळालेलं राखा

नोंदणी दहा वर्षांची, मग हवी तितक्या वेळा नूतनीकरण. आंतरराष्ट्रीय नोंदणीत मुदत चुकली तर जादा शुल्क भरून सहा महिन्यांची सवलत मिळते.

पण नूतनीकरणाआधीच नोंदणी जाऊ शकते, न वापरल्यामुळे. युरोपीय संघ आणि ब्रिटनमध्ये सलग पाच वर्षं, चीन आणि जपानमध्ये तीन वर्षं वापर नसेल तर कोणीही रद्द करायला सांगू शकतो. अमेरिकेत तर पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान वापराचं प्रतिज्ञापत्र स्वतःहून भरावं लागतं. ते विसरलं की नोंदणी रद्द.

नावापुढे वर्तुळातलं आर फक्त त्याच देशात छापा जिथे नोंदणी पूर्ण झाली आहे. इतरत्र ते छापणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे. एकच वेष्टन सगळीकडे जात असेल तर टीएम हीच सुरक्षित खूण.

डोमेन कोणी बळकावलं असेल तर न्यायालयाऐवजी वायपोच्या लवाद केंद्रात यूडीआरपी या, डोमेनवरचे तंटे सोडवायच्या, पद्धतीने तक्रार करता येते. ती १९९९ पासून चालू आहे. एका पंचासमोर, पाचपर्यंत डोमेनसाठी शुल्क १,५०० डॉलर. तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं. पहिल्या अटीसाठी ट्रेडमार्क लागतो, म्हणून नोंदणी हाती असलेल्याचं काम सोपं होतं.

आणि खोटी बिलं. अर्ज प्रसिद्ध झाला की तुमचं नाव-पत्ता जगाला दिसतो. मग सरकारी थाटाची, मुद्रा छापलेली पत्रं येऊ लागतात: 'आंतरराष्ट्रीय नोंदवहीत प्रकाशनाचं शुल्क', 'तातडीचं नूतनीकरण'. वायपो स्वतः अशा पत्रांबद्दल सावध करते आणि नमुने दाखवते. आमच्याकडे पहिलं पत्र प्रसिद्धीनंतर अकराव्या दिवशी आलं. मी पैसे पाठवायचा फॉर्म भरूनही ठेवला होता. आमच्या हिशेबनीसाने बँक खातं कुठल्या देशातलं आहे ते वाचलं आणि विचारलं, "हे कार्यालय जिनेव्हात आहे ना?" आता अशी पत्रं ती एका वेगळ्या फाइलीत ठेवते. फाइल बरीच जाड झाली आहे.